गयासला जीपमधून उतरवलं त्याची गोष्ट

काकासाहेब करमाडजवळच्या एका गावचे सरपंच झाले तेव्हा त्यांच्याकडं सायकलसुद्धा नव्हती. सायकल होती गयास शिंप्याची. तिच्यावर डबलसीट बसून दोघं वस्त्या-वाड्या फिरले आणि काकासाहेब पंचायत समितीवर गेले. ऐंशी साली आमदारकीचं तिकीट मिळालं, तेव्हा गयासनं महिनाभर दुकान बंद ठेवलं. सभेत बोलायला उभं राहिलं की काकासाहेबांचा घसा कोरडा पडायचा. म्हणून गयास आधी उठायचा, लोकांना पोटभर हसवायचा आणि सभा रंगली की मित्राला पुढं करायचा. काकासाहेब आमदार झाले ते असे.

पाच वर्षांनी दुसरी निवडणूक आली, तेव्हा हवा बदलली होती; गावोगाव हिंदू-मुसलमान सुरू झालं होतं. प्रचाराचं सगळं बघणारा रामकिसन एका फाट्यावर त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, पुढच्या गावांत गयासभाई जीपमधी नको. लोक वेगळंच बोलायलेत."

"बोलू दे की," असं म्हणायचं काकासाहेबांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते जीपपाशी गेले आणि म्हणाले, "गयास, तू आज इथंच उतर. उद्या गाडी धाडतो."

गयासनं एकदा रामकिसनकडं पाहिलं, मांडीवरचे हार सीटवर ठेवले आणि उतरला.

दुसऱ्या दिवशी गाडी दुसरीकडंच गेली. तिसऱ्या दिवशी काकासाहेबांना आठवण झाली, पण आता काय तोंडानं धाडावी, असं वाटून त्यांनी टाळलं. ते अकराशे मतांनी निवडून आले. शहरातल्या क्रांती चौकातून मिरवणूक निघाली. गुलालानं माखलेले काकासाहेब गर्दीत गयासला शोधत होते, पण तो आलाच नाही. निरोप धाडला, स्वतः मात्र गेले नाहीत. मुंबईत अधिवेशनं, इथं सत्कार, उद्घाटनं. पुढच्या खेपेला पक्षानं तिकीट रामकिसनला दिलं. काकासाहेबांच्या घरची वर्दळ आठवडाभरात आटली.

गयासचं घर गाठायला त्यांना आणखी बारा वर्षं लागली. तो शहरात राहायला आला होता, पोरगा वाळूजला कंपनीत होता. दार वहिदानं, गयासच्या बायकोनं, उघडलं. गयासनं हात धरून आत नेलं, काकासाहेबांच्या बायकोचे, मनकर्णावहिनींचे, गुडघे कसे आहेत ते विचारलं. इतक्या मायेनं विचारलं की काकासाहेबांना बसवेना.

"गयास, त्या दिवशी तुला उतरवलं..."

"उतरवलं त्याचं काय नाय रे. इलेक्शन म्हणल्यावर असं व्हतंच." गयासनं पाण्याचा तांब्या त्यांच्याकडं सरकवला. "पण तू गाडी धाडतो म्हणलास. मी दुसऱ्या दिवशी सकाळपासून फाट्यावर जाऊन बसलो. लोक इचारायचे, मी सांगायचो, साहेबाची गाडी येतीय. तिसऱ्या दिवशीबी गेलो."



"चुकलं माझं," काकासाहेब म्हणाले.

"व्हय," गयास म्हणाला. त्यानं ते नाकारलं नाही, पुढं वाढवलंही नाही. आतून वहिदानं ताटं घेतल्याचं सांगितलं.

काकासाहेब उठले आणि हात धुऊन त्याच्याशेजारी जेवायला बसले.