देवकीमावशीचा चांगला कप

मंगळवारी दुपारी देवकीमावशीचा डोळा लागला तेव्हा मी तिची केरसुणी उचलली आणि मागल्या पडवीत जळाऊ लाकडांच्या ढिगामागे सारून ठेवली. शेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी चोरी म्हणून केली ती एवढीच, आणि तीही केरसुणीची. गुरुवार तिच्या आंघोळीचा. त्या दिवशी मी गेलेच नाही.

शुक्रवारी साहेब येणार होते.

मी मंडळाची सेविका. आमच्या नार्वे गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना न्हाऊ घालायचं, पाणी भरायचं, केर काढायचा, गोळ्या द्यायच्या, हे माझं काम. सरकार त्यासाठी आमच्या महिला मंडळाला अनुदान देतं. कोणाला मदत लागते आणि कोणाला नाही, ते तालुक्याहून येणारे तुषार सर फॉर्मवर लिहितात. देवकीमावशीकडे ते महिन्यापूर्वी आले होते, आणि तिथेच सगळं बिनसलं.

सरकारचा माणूस येणार म्हटल्यावर मावशीने त्याला पाहुणाच केला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, भिंतीला धरल्याशिवाय चार पावलं टाकता येत नाहीत. पण त्या दिवशी पहाटे उठून तिने बसून सरकत सरकत सगळं घर झाडलं होतं. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर. सरांना खिडकीजवळची कदेल बसायला दिली, पोदेराकडचे गरम उंडे पाव आणि चहा दिला, तोही सोनेरी काठाच्या कपात. सरांनी दोन कप घेतले. "घर काय सुंदर ठेवलंय आजी," म्हणाले आणि लिहायला लागले.

"आंघोळ स्वतः करता?"

"माझां मीच करतंय," मावशी ताठ बसून म्हणाली. "अजून हात-पाय चलतत."

मी दारातच उभी होते. आदल्याच दिवशी मी तिला न्हाणीत धरून बसवलं होतं, पाठ चोळली होती, आणि सांगू नये ते सगळं धुतलं होतं. पण ते एका परक्या पुरुषासमोर, ती अबोली माळून बसलेली असताना, मी कोणत्या तोंडाने सांगायचं? सरांनी 'स्वावलंबी' असं लिहिलं. ह्या महिनाअखेरीपासून मदत बंद होणार.

तिचा मुलगा साईश वास्कोला असतो. वाईट नाही तो. फोनवर म्हणाला, "रुक्मिणीताई, तुम्ही येणार नसाल तर आई एकटी कशी राहणार? मी घराला कुलूप लावून तिला हंय हाडतंय, माझ्याकडे." त्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. मावशी एकदा तिथे आठ दिवस राहून आली होती. परत आल्यावर आधी अंगणात बसून तिने तुळशीकडे पाहिलं आणि मग रडली.

मंडळाने अर्ज करून फेरतपासणी मागून घेतली; शुक्रवारी तेच सर पुन्हा येणार होते. मी मावशीला हात जोडले. "ह्या खेपेक खरां सांग गे. न्हावक येणा नाय, कधी कधी लुगडां भिजता, सगळां सांग."

"तां माज्या तोंडातसून येवचां नाय," ती म्हणाली. "आपल्या न्हाणयेतलां कोण परक्याक सांगता?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही तिची रीत. मग मी ठरवलं, तिच्या तोंडून येत नसेल तर तिच्या घराने सांगावं. माझ्या हुशारीचा मला अभिमानच वाटला होता, हेही कबूल करते.

शुक्रवारी आठ वाजता मी पोचले. उंबऱ्यापाशीच वास आला. मावशी बाकावर बसली होती, अंगावर मंगळवारचंच लुगडं. मांडीवर आंघोळीचा पंचा घडी करून ठेवलेला. तो कालपासून तिथेच असणार.

"काल येवक नाय तू?"

"ताप इल्लो," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "केरसुण खंय गेली काय समजणा नाय. शोधून दमलंय."

मी आत गेले. जमिनीवर सुका पाला आणि भाताची शितं. त्या सगळ्या पसाऱ्यात मेजावर तो सोनेरी काठाचा कप होता, घासूनपुसून, खाली स्वच्छ फडकं घालून. केरसुणी नाही मिळाली, तर तिने निदान तेवढं केलं होतं. मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. अजून वेळ होता. केरसुणी आणून केर काढता आला असता, तिचं तोंड तरी पुसता आलं असतं. तेवढ्यात अंगणात स्कूटर थांबली, आणि मी हलले नाही.

सर उंबऱ्यातच थांबले. रुमाल काढला, नाकाला लावला नाही, पण हातात धरून ठेवला. आत एक नजर टाकली. ह्या वेळी एकही प्रश्न विचारला नाही, उभ्याउभ्याच लिहीत राहिले.

"बसा सायबानू," मावशी म्हणाली. "ही चाय करता. घेवन जावा."

"नको आजी. आत्ताच घेतला." मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "काळजी करू नका. मदत चालू राहील."

स्कूटर गेली. आम्ही जिंकलो होतो. घराला कुलूप लागणार नव्हतं. आनंदाने काही बोलावं म्हणून मी वळले, तर मावशी दाराकडेच बघत होती.

"त्या दिसा दोन कप घेतल्यानी," ती म्हणाली.

मी खाली वाकून जमिनीवरची शितं वेचायला लागले.

"जा. केरसुण हाड."

शोध, असं ती म्हणाली नाही. हाड म्हणाली, म्हणजे घेऊन ये. मी पडवीत गेले, लाकडांमागून केरसुणी काढली आणि खालमानेने सगळं घर झाडलं. मग पाणी तापवून तिला न्हाणीत नेलं. एरवी न्हाताना ती माहेरच्या गोष्टी सांगते, शेजारणींच्या उखाळ्यापाखाळ्या काढते. आज तिने भिंतीकडे तोंड केलं ते शेवटपर्यंत.

"सोमारी येतलंस मां?" अंग पुसताना तिने विचारलं.

"येतलंय, मावशे."

"खोटो ताप हाडू नको."

धुतलेलं लुगडं नेसवून मी तिला बाकावर बसवलं. चहा ठेवला. सवयीने मेजावरचा तो कप उचलला, तिलाच त्यातून द्यावा म्हणून.

"तो नको," ती म्हणाली. "तो वयर ठेव."

मी स्टुलावर चढले आणि कप वरच्या फळीवर ठेवला.

"आनी मागे," मावशी म्हणाली. "आता तो लागचो नाय."

मी तो हात पोचेल तितका मागे सारला.