गोदाच्या डब्यातला सूर्य

सुईच्या टोकाएवढं भोक... बिस्किटांच्या रिकाम्या डब्याच्या पोटाला पाडलेलं. गोदा अंगणात बसून एकटक त्याकडेच बघत होती. डबा सकाळपासून मेढीच्या खांबाला बांधलेला, भोक सूर्याकडे. आत जव्हारच्या फोटोवाल्या रेग्यांनी दिलेला कागद, उन्हानं आपोआप काळा पडणारा. रेग्यांच्या स्टुडिओत कामाला जाऊन काचा धुता धुता तिनं हे बघून ठेवलं होतं — सूर्य भोकातून आत शिरतो आणि स्वतःच स्वतःला काढतो. कुणाचा हात लागत नाही.

हात! आत भिंतीवर तिच्या लेकीच्या, पोशीच्या लग्नाचा चौक भरत होता, सवाशिणी तांदळाच्या पिठानं रेघा ओढत होत्या, आणि पोशीची आई बाहेर. नवरा मंगळू हिवतापानं गेला तेव्हापासून तिचा हात अशुभ. वा रे न्याय! ताप त्याला आला आणि हात माझा बाटला? पाड्यात कुणाचंही लग्न निघो, चौकातला सूर्य काढायला ह्याच बाया मला ओढत न्यायच्या — गोदे, तुझ्यावाणी गोल कोणाला जमत नांय गं — आणि आज, माझ्याच पोरीच्या चौकाला...

जाऊ माघी पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "राग नको धरू गं. रीतच हाय तशी."

"मी कुठं हात लावतेय? तोच काढतोय," गोदानं डब्याकडे बोट केलं. "रातच्याला चौकात चिकटवीन."

माघी हातावरचं पीठ झटकत आत गेली.

दिवस कलला. पडवीतल्या भाताच्या कणगीमागच्या अंधारात गोदानं कागद बाहेर काढला, चिमणीच्या उजेडात धरला. गोल नव्हताच. या कडेपासून त्या कडेपर्यंत एक वाकडी काळी रेघ, दिवसभर चाललेल्या सूर्याची. खरा असेल, तो असाच असेल... पण हा माझा नाही. माझा गोल असतो, त्याला किरणं असतात, बोटाच्या पेरानं एकेक ओढलेली.

मग मी ह्याला पुढं का केलं? हात लागत नाही म्हणून? म्हणजे मीही मानलंच की, हात वाईट आहे म्हणून! ह्याच हातानं पोशीला न्हाऊ घातलं, नाचणीची पेज भरवली, तेव्हा कुणी नाही अडवलं... चुलीत गेली ती रीत.

आत गाणं थांबलं होतं. "सूर्य कोण काढतं गं?" माघी विचारत होती, आणि कुणी पुढं होत नव्हतं.

गोदानं कागद बाजूला ठेवला आणि ती उठली. त्या बोलावणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पण पोरीच्या लग्नात आईला बोलावणं कशाला लागतं?