कोणी कोणाला पकडायचं

कायदा मोडायचा तर आधी परवानगी काढावी लागते, हे हिवरदरी गावाला १९८० साली कळलं.

तीस सालच्या जंगल सत्याग्रहाला पन्नास वर्षं होत होती. तेव्हा इथल्या माणसांनी सरकारी जंगलात शिरून गवत कापलं होतं आणि मग ती हाताला दोर बांधून घेऊन तुरुंगात गेली होती. आता गावानं ठरवलं, की भाषणं नकोत, ती दर पंधरा ऑगस्टला होतातच. या वेळी अख्ख्या गावानंच तीस सालातलं व्हायचं. स्टेज नाही, पडदा नाही, बघे वेगळे नाहीत. अर्ध्यांनी गवत कापायचं, अर्ध्यांनी त्यांना पकडायचं. पण गवताला विळा लावायचा तर जंगलखात्याचा कागद पाहिजे. सरपंच वासुदेवराव चकरा मारून मारून आले आणि म्हणाले, "साहेब म्हणते, जंगलात पाय ठेवू नका. नाल्याच्या अलीकडचं पडीत गावाचंच हाय, थ्याच्यात कापा. इंग्रजायनं बी इतकं सतावलं नसन."

व्यवस्था शकुबाईकडे आली. बालवाडीतली पोरं जी बाई एका जागी बसवते ती गावही बसवेल, असा हिशेब. शकुबाईला तो पटला नाही. पोरं निदान भूक लागली की रडतात, बापे नुसते चिडतात. तरी ती लागली कामाला. घरोघरचे विळे येणार, ते अदलाबदली होऊन भांडणं नकोत म्हणून प्रत्येकीनं आपल्या लुगड्याची चिंधी मुठीला बांधून द्यावी. लाठ्या मागच्या सालच्या ज्वारीच्या धांड्यांच्या, म्हणजे पाठीत बसली तरी धांडाच मोडेल. तुरुंगाची लॉरी म्हणून वासुदेवरावांच्या ट्रॅक्टरची ट्रॉली. जेवण झुणका-भाकर. पोलिसांनाही तेच का, यावर एक बैठक गेली. "सरकारचे नोकर व्हते, सरकार देईन," असं कोणी तरी म्हणालं. शकुबाई म्हणाली, "मंग भाकरी थापाले बी सरकारलेच बोलवा." वाद मिटला.

खरा घोळ माणसांचा होता. सगळ्यांना सत्याग्रही व्हायचं होतं. कसेबसे पोलीस गोळा झाले. राहिला नाकेदार, म्हणजे जंगलचा पहारेकरी. ज्यानं तीस साली गावातल्या नानाजींच्या हाताला दोर बांधला तो. आणि तिथं सगळ्यांच्या माना शकुबाईच्या घराकडे वळल्या.

कारण तो नाकेदार म्हणजे शकुबाईचा सासरा. माणूस जाऊन वर्षं लोटली, जंगल नाल्यापलीकडे सरकलं, पण घराचं नाव 'नाकेदाराचं घर' ते राहिलंच. पितळी बटनांचा खाकी कोट अजून पेटीत होता. वासुदेवराव सरळ बोलले, "कोट तुमच्याच घरी हाय, बबनराव. मापाचा बी हाय."

बबनराव, शकुबाईचा नवरा, हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. तो असाच. पण चारच दिवसांपूर्वी त्यानं विळ्याला धार लावून आणली होती. कशाला, हे शकुबाईनं विचारलं नव्हतं. विचारायची गरजही नव्हती. शाळेत पंधरा ऑगस्टला सत्याग्रह्यांची पोरं पहिल्या रांगेत बसत, आणि नाकेदाराचं पोरगं आपणहून भिंतीपाशी जाऊन बसे. पंचेचाळिशी आली तरी झेंड्याच्या वेळी तो भिंत शोधत होता. या वेळी त्याला चारचौघांत गवत कापायचं होतं. एवढंच.

"नाई म्हणा ना," घरी येऊन शकुबाई म्हणाली.

"नाई म्हटलं तं लोक म्हणतीन, बापाची लाज वाटते. हो म्हटलं तं म्हणतीन, शोभून दिसते." त्यानं टोपी खुंटीला लावली. "जाऊ दे वं. एका दिवसाचं तं हाय."

शकुबाईला 'एका दिवसाचं' हे शब्द कुठं तरी टोचले, पण उपाय सुचेना. तो सुचला रंगीत तालमीत, आणि लहानूमुळे.

लहानू शिपाई झाला होता. मारुतीच्या पारापुढं तो मिशीला पीळ देत आला, सत्याग्रही झालेल्या चिंधूच्या अंगावर धावला, जवळ गेला आणि वाकून त्याच्या पायाच पडला. चिंधू त्याच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. मामानं भाच्याच्या पाया पडायचं, ही जन्माची सवय. ती काय धांड्याच्या लाठीनं जाते?

"अबे, हे काय करून राह्यला?" वासुदेवराव ओरडले. "शिपाई कैद्याच्या पाया पडते का?"

"मंग भाचा कायले देला मले?" लहानू रडकुंडीला आला. "भाच्याले हात लावला तं नरकात जागा भेटत नाई."

मग एकेकाचं निघालं. एकाच्या वाट्याला सासरा आला होता, एकाच्या वाट्याला जावई. अख्खं गाव एकमेकांचं नातलग. इंग्रजांना ही अडचण नव्हती, त्यांनी शिपाई बाहेरून आणले होते.

शकुबाईनं दुसऱ्या दिवशी बायकांना बालवाडीत बोलावलं. बाप्यांना नाती लग्नात रुसण्यापुरती ठाऊक असतात, खरी बायकांना. तिनं नियम केला: ज्याच्याशी थट्टेचं नातं, त्यानंच त्याला पकडायचं. साळ्यानं दाजीला, मेहुण्यानं मेहुण्याला, व्याह्यानं व्याह्याला. बायका अशा खुलल्या, की दुपारपर्यंत सगळे कैदी वाटून झाले. लहानूला त्याचा साळा दिला. "आता पाह्य," लहानू म्हणाला, "लग्नात माह्या खुर्चीखाली खाजकुयरी टाकलती यानं. सोडत नाई आता."

उरले फक्त नानाजी. तीस सालचे जिवंत राहिलेले ते एकटेच. मिरवणुकीच्या पुढं तेच असणार, पहिलं गवत तेच कापणार, पहिली अटकही त्यांचीच. त्यांचे साळे वारलेले, व्याही लांबच्या गावचे. इथं सारे त्यांना काका नाही तर आजा म्हणणारे. संध्याकाळी वासुदेवराव शकुबाईच्या ओसरीवर येऊन बसले.

"फिरून तिथंच आलो, बाई. बबनरावच लागतीन."

"नानाजीले हे काका म्हणते," शकुबाई म्हणाली. "नियम सगळ्यायले, अन् याह्यलेच नाई?"

"मंग कोण उरलं? सांगा तुमीच."

"मी हावो ना."

आवाज दाराआडून आला. सासू, मनकर्णाबाई, वाती वळत बसली होती. "नाना माहा दीर. माह्या मालकाले दादा म्हणे. दिराची थट्टा मी नाई करन तं कोण करन?"

वासुदेवराव हसले. "पण मावशी, बाईमाणूस नाकेदार?"

"तू दंडारीच्या खेळात लुगडं नेसून नाचला, तवा मी म्हटलं का काही?"

वासुदेवरावांनी चहा संपवला आणि निघाले. ते वळणावर गेल्यावर शकुबाई सासूजवळ बसली. "आत्याबाई, लोक हासतीन. कायले हे अंगावर घेता?"

"पन्नास वर्षं थो कोट मी उन्हात घातला अन् पेटीत ठेवला," मनकर्णाबाई म्हणाली. "थो कोणाच्या अंगात जाईन, हे मी पाहीन. माह्या पोराच्या नाई."

बबनराव गोठ्यात होता. त्यानं ऐकलं असावं, कारण बैलांना पाणी दाखवायला त्यानं फार वेळ लावला.

ठरल्या दिवशी आभाळ उघडं होतं. मिरवणूक पडिताशी आली, घोषणा झाल्या, नानाजींनी पहिली मूठ कापली. तेवढ्यात समोरून मनकर्णाबाई आली. नऊवारीवर खाकी कोट, बाह्या दुमडलेल्या, हातात दोर. पोरं खिदळली. ती नानाजींपुढं उभी राहिली आणि त्यांची मनगटं बांधू लागली.

"वैनी, गाठ ढिली हाय," नानाजी हळूच म्हणाले. "दादानं वळ उठोलते."

शकुबाईला वाटलं, आता म्हातारी नवऱ्याची बाजू घेईल. म्हणेल, हुकमाचा ताबेदार होता बिचारा, त्याला रात्री झोप आली नाही.

"मालूम हाय मले," मनकर्णाबाई म्हणाली. "घरी येऊन पोटभर जेवला थो. मीच वाढलं." आणि तिनं दोर करकचून ओढला.

नानाजींनी हातांकडे पाहिलं. "बस, बस. आता बराबर हाय, वैनी."

मागं इतका वेळ कोणी विळा चालवला नव्हता. शकुबाईनं वळून पाहिलं. बबनराव मधल्या रांगेत होता, दोन्ही बाजूंना माणसं. तो वाकला आणि गवत कापलं. मग एक मूठ, मग आणखी एक.

मनकर्णाबाई कोट सावरत त्याच्याकडे गेली. नाकेदारानं दरडावायचं तसं दरडावलं, "अन् हा कोणाचा रे?"

हा सवाल तालमीत नव्हता.

नानाजी ट्रॉलीत चढत होते. बांधल्या हातांनी तोल सावरत त्यांनी मान वळवली. "आमच्यातला हाय थो," ते म्हणाले. "पकड त्याले बी."

म्हातारीनं पोराचा हात धरला आणि ट्रॉलीकडे चालवलं. आईनं लेकाला पकडायचं नातं शकुबाईच्या नियमात नव्हतं. पण नानाजींनी ट्रॉलीत सरकून जागा केली होती, आणि त्यांच्या शेजारी एक माणूस बसेल एवढी ती होती.

शकुबाई मग कामाला लागली. पडलेले विळे उचलून चिंध्या पाहून वेगळे केले. बबनरावाच्या विळ्यालाही चिंधी होती. तिनंच आदल्या दिवशी, त्याला न सांगता, आपल्या लुगड्याची बांधली होती. तो विळा तिनं घरी नेला नाही. सगळ्यांच्या ढिगात ठेवला, आणि भाकरी गरम आहेत का ते बघायला गेली.