दोघांना एकच बाक

मित्रांनो, बसा. पण बसण्याआधी माझ्याकडे एकदा नीट पाहा. हातांना गुळगुळीत, पाठीने ताठ असा मी एक जुना लाकडी बाक आहे. सुताराने माझ्यावरून शेवटचा रंधा फिरवला आणि मला बजावले, "राजा बसो की रंक, तू हूं की चूं करायचं नाहीस." तो शब्द मी पाळला. विद्यापीठाच्या मोठ्या इमारतीत, जिन्याच्या तोंडाशी, चौकशीच्या खोलीबाहेर मला मांडले आणि माझी सेवा सुरू झाली.

गुणांची तक्रार असो, नाहीतर वसतिगृहातले भांडण, माणसे आधी माझ्यावर टेकत. कार्यालयातले लिपिकभाऊ मोठे शिस्तीचे. दोन्ही बाजूंना ते एकच वेळ देत आणि शेजारी शेजारी बसवत. दोघे एकत्र असले की काम झटपट होते, असे त्यांचे म्हणणे. कित्येकदा भांडणारी पोरे माझ्यावरच हसून मोकळी होत आणि आत न जाताच परतत. मग लिपिकभाऊ कौतुकाने माझी पाठ थोपटत. मी फुलून जाई.

पण सगळ्या दुखण्यांना एकच मात्रा लागू पडत नाही, बरे का.

एका सकाळी एक संशोधक मुलगी मावशीबरोबर जिना चढून आली. तिच्या मार्गदर्शक सरांनी, ती नको नको म्हणत असताना, प्रयोगशाळेत तिच्या अंगाला हात लावला होता. विभागप्रमुखांना तिने ते सांगितले होते, वसतिगृहाच्या बाईंना सांगितले होते. आज सगळा धीर गोळा करून आतल्या चौकशी समितीपुढे सांगायचे होते. वर येऊन पाहते तर तेच सर माझ्यावर पायावर पाय टाकून बसलेले.

"ये, बस ना," ते हळूच म्हणाले. "जागा आहे भरपूर."

मुलगी थिजली. मावशीने मात्र पिशवीसकट माझ्या मधोमध अशी बैठक मारली, की जन्मात पहिल्यांदा मी करकरलो.

"ऐकणारी माणसं आत बसलीत, सर," मावशी म्हणाली. "जे बोलायचं ते त्यांच्याशी."

पण तेवढ्यात मुलगी वळली होती आणि जिना उतरू लागली होती. ती गेली असती तर तिची तक्रारही तिच्याबरोबर पायऱ्या उतरून गेली असती, आणि लोक म्हणाले असते, खोटे होते म्हणून पळाली.

मावशीने दार ठोठावले. समितीच्या अध्यक्षबाई बाहेर आल्या.

"बाई, तुम्ही बोलावलंत म्हणून आणली पोरीला," मावशीचा आवाज शांत होता. "जिच्या मनात ज्याची धास्ती, तिला त्याच्याच मांडीला मांडी लावून बसवायचं, ही तुमची कुठली रीत?"

अध्यक्षबाईंनी लिपिकभाऊंकडे पाहिले. नेहमी असेच बसवतो, असे ते म्हणाले खरे, पण बोलता बोलताच त्यांची मान खाली गेली. बाईंनी सरांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. तुमचेही सगळे ऐकले जाईल, पण तुमच्या वेळेला, असे बजावून त्यांना वाटेला लावले. मग त्या स्वतः जिना उतरून गेल्या आणि मुलीशेजारी पायरीवर बसल्या.

"चूक आमची झाली," त्या म्हणाल्या. "आज बोलायचं की नंतर, ते तू ठरव. मावशी सोबत राहील."

मुलीने विचारले, "सगळं परत पहिल्यापासून सांगायचं?"

"एकदाच. नंतर कुणी विचारलं तर उत्तर आम्ही देऊ."

मुलगी उठली आणि माझ्यासमोरून ताठ मानेने आत गेली. मावशी तिच्या पाठोपाठ.

दोघांचेही ऐकून झाल्यावर समितीने सरांना दोषी ठरवले आणि त्यांची नोकरी गेली. मुलीला नव्या मार्गदर्शक बाई मिळाल्या. तिचे संशोधन एक दिवसही अडले नाही. लिपिकभाऊंनी दोन्ही बाजूंच्या वेळा वेगळ्या केल्या, दारेही वेगळी केली. मला त्यांनी स्वतः हात लावून मागच्या, फक्त तक्रारदारांसाठी ठेवलेल्या लहान खोलीत नेले. आता माझ्यावर गर्दी नसते. कधी कधी आठवडाभर धूळच बसते. मला त्याचे दुःख नाही. धूळ बसते, म्हणजे कुणी रडत आलेले नाही.

अशी बरीच वर्षे लोटली. परवा एक घाबरलेली विद्यार्थिनी येऊन माझ्या टोकाला बसली. तिच्यासोबत एक प्राध्यापिका होत्या. त्या प्राध्यापिकेचा आवाज ऐकला आणि मी ओळखले, ही तर आपलीच जिन्यावरची मुलगी. ती दाराच्या बाजूला बसली, पोरीला भिंतीच्या बाजूला घेतले आणि म्हणाली, "घाई नाही. इथे दुसरं कुणी येणार नाही."

मित्रांनो, उद्या तुमच्यापुढे कुणी असे दुःख घेऊन आले, तर प्रश्न मागाहून विचारा. आधी त्याला निर्धास्त बसता येईल अशी जागा द्या. देव सगळे पाहतो, यात शंका नाही. पण आसन माणसानेच मांडायचे असते.