सव्वाबाराची नोंद

सत्यनारायणरावांनी यादी तीनदा तपासून टंकलिखित केली होती. एकाहत्तरच्या युद्धात ‘कालिंद’ या विनाशिकेवर लढलेले तंजावर जिल्ह्यातले अकरा नौसैनिक. परवा नौदल दिनी ती नावे तेच वाचणार होते. पापनाशमच्या चिदंबरचे नाव त्यांत नव्हते.

आणि त्याच चिदंबरची मुलगी वरलक्ष्मी बापाची जुनी वही घेऊन समोर बसली होती.

“मामा, अप्पा गेले. आता तरी खरं सांगा. ते पळाले होते?”

“हजेरीला तो नव्हता, बाळ. नाव मीच पुकारलं.”

त्या दुपारी शत्रूची विमाने माथ्यावर होती आणि ‘कालिंद’ नागमोडी वळणे घेत पूर्ण वेगाने धावत होती. साडेअकराला बॉयलरघरात वाफेची नळी फुटली. तिथले प्रमुख म्हणून सत्यनारायणरावांनी सर्वांना वर येण्याचा हुकूम दिला, डेकवर हजेरी घेतली आणि चिदंबरपुढे ‘गैरहजर’ लिहिले. सव्वाबाराला विमाने परतली. दुसऱ्या दिवशी भाजलेला उजवा हात घेऊन तो इस्पितळात गेला, तो जहाजावर परतलाच नाही. तो कुठे होता हे कोणी विचारले नाही. गावाने मात्र ठरवून टाकले.

वहीत शब्द नव्हतेच. दर पंधरा मिनिटांनी टिपलेला वाफेचा दाब आणि पाण्याची पातळी, एवढेच. सत्यनारायणराव त्या दुपारच्या पानावर पट्टी ठेवून एकेक ओळ उतरू लागले.

“पेल्यातली कापी निवली, मामा. आकडे काही पळून जात नाहीत.”

त्यांनी पट्टी खाली सरकवली. साडेअकरा. पावणेबारा. बारा. सव्वाबारा. शेवटचे तीन आकडे वेडेवाकडे होते, डाव्या हाताने काढलेले. दाब मात्र तसूभरही ढळला नव्हता. दाबाचा काटा बॉयलरच्या तोंडाशीच असे, दुसरीकडून दिसत नसे.

नौदलातून परतल्यावर तीस वर्षे त्यांनी तंत्रनिकेतनात शिकवले होते की राखणदारावाचून बॉयलर दहा मिनिटेही दाब धरत नाही. मग त्या पाऊण तासात जहाज कुणाच्या जोरावर धावले, हा प्रश्न त्यांनी स्वतःला एकदाही घातला नव्हता.

“पळाला नाही गं,” त्यांनी पट्टी बाजूला ठेवली. “अस्के जण वर आले, हा एकटा खाली राहिला. त्याच्यामुळे आम्ही अडीचशे जण घरी आलो.”

वरलक्ष्मीने पदर डोळ्यांना लावला. “मग जन्मभर गप्प का बसले?”

“हुकूम मोडला होता ना त्यानं. माझा.”

सत्यनारायणरावांनी लेखणी उघडली आणि यादीच्या माथ्यावर चिदंबरचे नाव लिहिले.

“तुमच्या यादीत खाडाखोड, मामा?”

“चूक पन्नास वर्षांची आहे, बाळ. दिसू दे सगळ्यांना.”

आणि नावापुढे, शिस्तीत, त्यांनी शेरा घातला: साडेअकरा ते सव्वाबारा, कामावर हजर.