बोहनीचा गेम

रविवारी सकाळी आईने माझ्या हातातून लाटणं काढून घेतलं, तेव्हा मी पोळी लाटत नव्हतेच. माझे दोन्ही अंगठे लाटण्यावर टकटक वाजत होते आणि तव्यावरची पोळी करपून गेली होती.

"अगं, तुझ्या अंगात आलंय तरी काय?" आई म्हणाली. "महिनाभर बघतेय. जेवताना ताटावर टकटक, टीव्ही बघताना मांडीवर टकटक. काल देवासमोर हात जोडलेस तरी अंगठे चालूच!"

"आज ट्रायल आहे ना."

"कसली ट्रायल? टीव्हीतल्या माणसांना मारायची? तुझ्या वयाच्या मुलींना..."

पुढचं वाक्य मला पाठ आहे, म्हणून मी चप्पल घातली आणि निघाले.

टीव्हीतल्या माणसांना मारायचं, हे आईचं वर्णन तसं चूक नाही. फायटिंग गेम म्हणजे तेच. दोघांनी शेजारी शेजारी बसायचं, एकेक फायटर निवडायचा आणि पडद्यावर एकमेकांना लोळवायचं. खोपटला एसटी डेपोच्या मागे गुरुदत्तकाकांचं गेमिंग पार्लर आहे. तिथे एके काळी मला कुणी हरवू शकत नव्हतं. ही बढाई नाही, ठाण्यात कुणालाही विचारा. तेव्हा मी डोंबिवलीहून ठाण्याला कॉलेजला यायचे आणि कॉलेजपेक्षा पार्लरमध्ये जास्त दिसायचे. पुढे नाशिकला औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली. शिफ्ट, हॉस्टेल, पुन्हा शिफ्ट. कंट्रोलर कपाटात गेला आणि तीन वर्षं तिथेच राहिला. मला त्याची काळजी नव्हती. पोहता येणारा माणूस पोहायला विसरतो का? मी परत येईन तेव्हा सगळं जिथल्या तिथे असेल, असं मी धरूनच चालले होते.

नोकरी सोडून परत आले, तोवर आईबाबांनी डोंबिवलीची जागा विकून टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला होता. आल्या आल्याच कमलेशचा फोन. हा माझा पार्लरमधला जुना जोडीदार. घरचे एके काळी मिठागरवाले, आता दोन बिल्डिंगांचे मालक, त्यामुळे कमलेशला गेम खेळण्याखेरीज दुसरं काम नाही.

"बेंगळुरूला टीमची मॅच आहे," तो म्हणाला. "तिघं पाहिजेत. मी आणि साकेत फिक्स आहोत. तिसरी सीट तुलाच दिली असती गं, पण कल्याणची एक पोरगी आहे, ऋतिका. जबरी खेळते. दोघींची ट्रायल लावू, जिंकेल ती येईल. चालेल ना?"

"न चालायला काय झालं?" मी म्हणाले.

ती सीट मला हवी होती. इतकी हवी होती की रात्री कुशीवर वळताना मी तिचाच विचार करायचे. कारखान्यात मी कुणीच नव्हते, टोपी आणि मास्कमागचा एक चेहरा. घरात मी लग्नाची राहिलेली मुलगी. फक्त खोपटच्या त्या जिन्यावर पाऊल ठेवलं की पोरं म्हणायची, "संचिता आली रे." जगात एवढ्या एकाच ठिकाणी मला मान होता, आणि तो मला परत पाहिजे होता.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? पार्लरमध्ये जाऊन चार दिवस खेळून बघितलं असतं, हरून घेतलं असतं. पण मी पडले मानी. गंज चढलेली संचिता कुणी बघायला नको, म्हणून मी घरीच प्रॅक्टिस केली. नव्या बिल्डिंगमध्ये नेटची वायर आलेली नव्हती. बिल्डर दर महिन्याला "पुढच्या महिन्यात" म्हणायचा. म्हणून मग कपाटातला जुना गेम काढून कॉम्प्युटरशी लढायचे. सुरुवातीला हात जड वाटले, मग सुटले. शेवटच्या आठवड्यात तर मी त्या कॉम्प्युटरचं पीठ पाडत होते. कमलेशने दोनदा फोन करून विचारलं, "काही विचारायचंय का? गेममध्ये काय काय बदललंय..." मी म्हटलं, "तू मला शिकवणार?" आणि फोन ठेवून दिला.

पार्लरमध्ये पोचले तर जिन्यापर्यंत गर्दी. जुनी पोरं भेटली, गुरुदत्तकाकांनी चहा सांगितला. ऋतिका आधीच येऊन बसली होती. तेल लावून घट्ट वेणी, मांडीवर कॉलेजची सॅक, आणि मला बघून ताडकन उभी राहिली.

"ताई, तुमचे सगळे व्हिडिओ पाहिलेत मी," ती म्हणाली. "ते बघूनच शिकले."

मी आतून फुलले. म्हटलं, पोरगी चांगली आहे, फार वाईट हरवायला नको.

तीन गेम आधी जिंकेल तिची सीट, असं ठरलं. सगळे आमच्या खुर्च्यांमागे उभे राहिले.

इथे माझ्या 'पावती'बद्दल सांगायला हवं. या गेममध्ये जवळजवळ प्रत्येक फायटरकडे एक मोठी लाथ असते. ती अडवली, की मारणाऱ्याला पाय मागे घ्यायला जरा वेळ लागतो. डोळ्याचं पातं लवतं न लवतं, तेवढाच. त्यात मी खालून पायावर असा तडाखा द्यायचे की समोरचा आडवा. दुसऱ्यांना तो क्षण सापडायचा नाही, मला सापडायचा. चूक केलीस ना, फाडली बघ पावती. सगळं पार्लर त्याला संचिताची पावतीच म्हणायचं.

पहिल्या गेमला ऋतिकाने लाथ मारली, मी अडवली, पावती. पुन्हा लाथ, पुन्हा पावती. मागून पोरं ओरडायला लागली, "फाड! फाड!" तिसऱ्यांदाही तेच. पहिला गेम माझा. कानात नुसता आनंद वाजत होता. मी आलेय, मी तीच आहे, काही गेलेलं नाही, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

दुसऱ्या गेमला ऋतिकाने लाथ मारली, मी अडवली, पावती फाडायला गेले, आणि मीच आडवी. वाटलं, हात चुकला. पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी मी जीव ओतून बटण दाबलं, तरी तिने माझा तडाखा आरामात अडवला आणि मला भिंतीपर्यंत बडवत नेलं. गेम गेला.

"बटण अडकतंय," मी म्हणाले. "काका, दुसरा कंट्रोलर द्या."

काका दुसरा कंट्रोलर शोधायला आत गेले. कमलेश माझ्या कानाशी वाकला. "कंट्रोलर ठीक आहे गं. तू ती पावती का फाडत बसलीयस? ती गेली ना आता."

"गेली म्हणजे?"

"दिवाळीच्या आधी अपडेट आलेला. कंपनीने ती लाथ फास्ट केली. पाय लगेच मागे जातो, त्यामुळे समोरच्याला तुझा तडाखा अडवायला टाइम मिळतो. आम्ही सगळे रडलो महिनाभर. तुला माहीत नाही?"

"माझ्याकडे तर चालते."

"तुझ्याकडे कुठे? नेटवर?"

"नेट नाहीये. वायर यायचीय."

कमलेश आणखी खाली वाकला. "म्हणजे महिनाभर तू जुना गेम खेळतेयस?" तो हसला नाही, हे मी त्याचे उपकार समजते. हसला असता तर त्याच्या कानाखाली वाजवली असती.

अंगावर कुणीतरी गार पाणी ओतावं तसं झालं. महिनाभर मी घासूनपुसून जे लखलखीत केलं होतं, ते दुकानात कुणी घेईनासं झालं होतं. आणि दुसऱ्याच क्षणी दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. पावती जर बंदच झाली होती, तर पहिल्या गेमला ती तीन वेळा लागली कशी?

लागली, कारण ऋतिकाने लागू दिली. लाथ मारून झाल्यावर तिने बटणांवरून हात काढले होते.

गुरुदत्तकाका आधी जांभळी नाक्यावर बांगड्या-पिना विकायचे. तिथला शब्द त्यांनी पार्लरमध्ये आणला, बोहनी. नवीन गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की पहिला गेम त्याला जिंकू द्यायचा. म्हणजे त्याला गोडी लागते, तो पुन्हा येतो. त्याला कळता कामा नये आणि कुणी तोंडातून काढता कामा नये, एवढाच नियम. मी स्वतः कितीतरी पोरांना बोहनी दिलीय. लाथ मारायची आणि हात सोडून द्यायचे, ही पद्धतही माझीच. त्या मुलीने मला माझ्याच पद्धतीने बोहनी दिली होती.

काका कंट्रोलर घेऊन आले. मी तो मांडीवर ठेवला.

"ऋतिका, पहिला गेम तू दिलास ना मला?"

मागचा गलका एकदम थांबला.

"संचिता," काका हळू आवाजात म्हणाले, "असं विचारत नाहीत, बाळा."

"मला दिलाय काका, मी विचारणार!" माझा आवाज चढला होता. "मी काय शाळेतनं पळून आलेलं पोर आहे? बोल ना गं."

ऋतिकाचे कान लाल झाले होते. तिने सॅकचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "ताई, तुम्ही किती दिवसांनी बसलेलात. मला वाटलं पहिलाच गेम हरलात तर उठून जाल. मग परत येणारच नाही."

पोरगी खोटं बोलत नव्हती. मघाशी कंट्रोलरला दोष दिला, त्याच वेळी माझं एक मन जिन्याकडे निघालं होतं. कंट्रोलर खराब, डोकं दुखतंय, पुढच्या रविवारी बघू, अशी सगळी वाक्यं तयार होती. मला तिचा भयंकर राग आला आणि तेवढीच लाज वाटली.

"तो गेम धरायचा नाही," मी म्हणाले. "माझा काढा. तिचा एक, माझा शून्य."

"अगं एक-एक चाललंय, राहू दे ना," कमलेश म्हणाला. "अजून चान्स आहे तुला."

"कमलेश, शून्य म्हटलं ना मी!"

मग ती खेळली. खरी खेळली, आणि काय खेळली! मी कुठे उडी मारणार, कुठे मागे सरणार, तिला आधीच ठाऊक होतं. माझे व्हिडिओ बघून शिकलेली, तिला माझं काय नवीन? पावती फाडायची नाही, असं मी स्वतःला बजावत होते. पण डोक्याला कळलं तरी अंगठ्यांना कोण सांगणार? लाथ आली की ते आपले जाणार, आणि मी मार खाणार. तिचे दोन गेम झाले. तिसऱ्यात मी दात आवळून अंगठा आवरला. एकदा आवरला, दोनदा आवरला. त्या दोन वेळा मी नुसती उभी राहिले, कारण पावतीच्या जागी करायचं काय, ते मला येतच नव्हतं. शेवटी तिने लाथ मारली, माझा अंगठा आपणहून गेला, आणि मी आडवी झाले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ऋतिकाने माझ्याकडे बघायचं टाळलं.

"तिसरी ऋतिका," कमलेश म्हणाला. मग मला म्हणाला, "तू पण चल ना बेंगळुरूला. एक्स्ट्रा म्हणून. मजा येईल."

"नको."

मला रडू आलं नाही. संताप आला. कंपनीवर, बिल्डरवर, कमलेशच्या त्या मऊ आवाजावर. पण संतापून संतापून किती संतापणार? पावती तर सगळ्यांचीच गेली होती. हे सगळे महिनाभर हरले, एकमेकांचा मार खाल्ला, दुसरं काहीतरी शिकले. मी तेवढी टिटवाळ्याला दार लावून जिंकत बसले होते. सीट गेली होती. इथे आता कुणी माझं नाव घेऊन जिन्याकडे वळून बघणार नव्हतं. छातीत दुखावं इतकं वाईट वाटलं मला.

"ताई, उठता का?" मागून कुणीतरी म्हणालं. "आमचा नंबर आहे."

हरला तो उठतो, हा इथला नियम. ट्रायल संपली होती आणि नेहमीचा खेळ सुरू व्हायचा होता. मी उठले. पर्स खांद्याला लावली. काकांनी माझ्यासाठी दाराकडची वाट मोकळी करून दिली. तिथून जिना, जिना उतरला की रिक्षा. मी दारापर्यंत गेलेही. पण हातात काहीच नसताना माझे अंगठे चालले होते, आणि मघाची ती जागा डोक्यातून जात नव्हती. लाथ अडवल्यावर पावती नाही, तर मग काय? आधी मागे सरायचं, की उडी मारायची? हे सगळे काय करतात तिथे?

मी परत फिरले. भिंतीला धरून पोरं रांगेने उभी होती. इतकी वर्षं मी या पार्लरमध्ये काढली, पण रांगेत कधी उभी राहिले नव्हते. ती कुठून सुरू होते आणि कुठे संपते, तेसुद्धा मला माहीत नव्हतं.

"शेवटचा कोण आहे?" मी विचारलं.

पाण्याच्या पिंपाजवळ हेल्मेट घेऊन उभ्या असलेल्या एकाने हात वर केला.

"मी," तो म्हणाला आणि जरा सरकून त्याने मला जागा दिली. "नवीन आहात का इथे?"

"हो," मी म्हणाले आणि त्याच्या मागे उभी राहिले.