कुंकवाखालचं नाव

अनुजाच्या अर्जातला एकच रकाना रिकामा राहिला होता. बी.एस्सी.चे गुण, कुडाळच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासण्यात घालवलेली चार वर्षं, दोन शिक्षकांची पत्रं, सगळं भरून झालं होतं. राहिलं होतं स्टेटमेंट ऑफ पर्पज. रसायनशास्त्र सोडून इतिहासात एम.ए. का, हे हजार शब्दांत सांगायचं होतं, तेही शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचच्या आत. तेव्हा इंग्लंडात दुपारचे बारा वाजतात आणि अर्ज बंद होतात.

उत्तर तिला ठाऊक होतं, अगदी तारखेसकट. अडचण तीच होती.

गावच्या देवस्थानचं दप्तर त्यांच्या घरी असे. दर दसऱ्याला लाल फडक्यातली ती पुडकी माळ्यावरून खाली येत, पाटावर मांडली जात आणि अनुजाचे वडील लवू ओल्या कुंकवात बोट बुडवून सर्वांत वरच्या कागदाला टेकवत. तो कागद म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी गावाने एकत्र बसून केलेल्या निवाड्याचा महजर. मोडीतला असल्यामुळे तो कोणी वाचत नसे, पण त्यात काय आहे ते सगळ्यांना पाठ होतं: पालखीला पहिला खांदा देण्याचा मान वरच्या घराचा, म्हणजे लवूच्या घराण्याचा.

अकरा वर्षांपूर्वी खालच्या घरच्या गंगारामने जत्रेत पालखीला हात घातला आणि हा मान मुळात आमचा, असं म्हणाला. मारामारी झाली, खटला झाला, देवळाला कुलूप लागलं. महजर कोर्टात गेला, तेव्हा जाणकाराने ‘चौथ्या ओळीतील नाव कुंकवाच्या डागामुळे अवाच्य’ असा शेरा मारून तो परत पाठवला. तेव्हापासून दोन घरांमध्ये जाणं-येणं नव्हतं. एका विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकासुद्धा एकमेकींची पाळी टाळून येत.

अनुजा मोडी शिकली ती वडिलांना जिंकून देण्यासाठी. गेल्या दसऱ्याला तिने महजराचा फोटो काढला आणि संगणकावर त्यातला फक्त तांबडा रंग ठेवला. प्रयोगशाळेतली साधी गोष्ट होती. तांबड्या उजेडात तांबडा डाग कागदासारखाच फिका दिसतो आणि काजळीची शाई मात्र काळीच राहते. डाग विरला. खालून नाव वर आलं: खालच्या घरचा बाबली. गंगारामच्या खापरपणजोबाचं नाव.

तिने तीन वेळा वाचलं. मग इतर कागदांतलं अक्षर समोर ठेवून एकेक वळण ताडून पाहिलं. चूक निघावी म्हणून जितकं तपासता येईल तितकं तपासलं. चूक निघाली नाही.

आपल्याला इतिहास शिकायचा आहे हे तिला त्या दिवशी कळलं. स्टेटमेंटचा पहिला मसुदा तिने याच गोष्टीने सुरू केला आणि तो एका बैठकीत उतरला. पण नमुना ज्याच्या घरचा त्याला विचारल्याशिवाय तो वापरायचा नाही, ही तिची सवय. गुरुवारी सकाळी लवू पडवीत सुपाऱ्या सोलत बसला होता, तेव्हा तिने त्याला सगळं मालवणीत वाचून दाखवलं.

आधी त्याने थट्टाच केली. पाण्यातलं मीठ मोजणारी पोर आता मेलेल्या माणसांचं काय मोजणार, असं विचारलं. बाबलीचं नाव आलं तशी त्याच्या हातातली सुपारी तशीच राहिली.

“तुमका म्हायत होता, बाबा?”

“माझ्या बापाशीन माझा बोट धरून थंय ठेवल्यान. हयच लावूचा, तो म्हणालो. कित्याक, ता मी इचारूक नाय.”

“पण समाजला.”

“खटलो झालो तेव्हा समाजला.” त्याने सुपारी सुपात टाकली. “तुझ्या आजयेक त्या लोकांनी पाणी दिवक नाय, ती मरताना. तेव्हा मी काय गंगारामाच्या दारात जावन सांगूचा होता, की मान तुझो?”

अनुजाने सांगितलं की हे इथे कोणी वाचणार नाही. तिकडचे तीन प्रोफेसर वाचतील आणि बाजूला ठेवतील.

“लिवलेला आसता ता खंय ना खंय जाता गो बाये. दीडशे वर्सां ऱ्हवला, तू बघलंस ना.” त्याने पुढची सुपारी हातात घेतली. मग म्हणाला, “मी जिवंत आसय थंयसर नको. मगे तुका काय व्हया ता लिव.”

तिने हो म्हटलं.

शुक्रवारी तिने रजा टाकली आणि दुसरं स्टेटमेंट लिहिलं. मालवणच्या बंदरातली जुनी गलबतं, मिठाचा व्यापार, किनाऱ्याच्या इतिहासाकडे झालेलं दुर्लक्ष. साडेनऊशे शब्द झाले. पाच वाजता तिने ते तपासायला घेतलं. प्रत्येक वाक्याला आधार होता, एकही खोटं नव्हतं. फक्त ती इतिहासाकडे का वळली, हे त्यात कुठेच नव्हतं. आणि अर्जात विचारलं होतं ते तेवढंच.

तिने जुना मसुदा उघडला. त्यातली नावं काढून पाहिली, गावही काढलं. मग उरलं ते कोणाचंच नव्हतं. घड्याळात पाच सव्वीस झाले होते. तिने दोन्ही मसुदे शेजारी शेजारी उघडे ठेवले आणि हात मांडीवर घेतले. साडेपाचला पडद्यावर अर्ज स्वीकारणं बंद झाल्याची ओळ आली.

लवू दारात येऊन उभा राहिला होता. कधीपासून, कोण जाणे.

“धाडलंस?”

“धाडलंय.”

“कसला लिवलंस मगे?”

“गलबतांचा.”

त्याने मान हलवली. त्याचे खांदे किंचित खाली आले. उत्तर कधी येतं, असं त्याने विचारलं. मार्चमध्ये, असं ती म्हणाली. मग त्याने खुंटीवरचा सदरा चढवला आणि माझा चेडू इलायतेक जातला म्हणून सांगायला तो नाक्यावर निघाला.